शर्ट ओळखणारी सवत

रखवालदाराने समुद्रकाठच्या राखीव झुडपांत एक बाई ठेवली आहे आणि ती दिवसाढवळ्या त्याचाच शर्ट घालून बसते, अशी कुजबुज एका उन्हाळ्यात बेकरीपासून धक्क्यापर्यंत पोचली होती. पोचवणारी त्याची सख्खी बहीण. बेकरीच्या गल्ल्यावर बसलं की पाव बांधताना तोंडही चालतंच, त्याला ती तरी काय करणार.

पण बाईच्या आधी शर्टाचं ऐका.

रखवालदाराची बायको शिवणकाम करायची. अर्ध्या गावाच्या अंगावर तिचे टाके, आणि नवरा मात्र तोच तो विटका शेवाळी शर्ट अडकवून रोज कुंपणाच्या आत जायचा.

"अहो, लोक विचारतात, शिंपिणीचा नवरा की बुजगावणं?"

"विचारू देत. जिच्यासाठी घालतो तिला हाच आवडतो," म्हणाला आणि कप ठेवून चालता झाला.

असं बोलून कोणी निघून जातं? त्या सकाळी शिंपिणीने एका गिऱ्हाइकाची डावी बाही उजवीकडे जोडली. दुसऱ्या दिवशी ती गुपचूप त्याच्या मागोमाग गेली.

नवरा काटेरी झुडपापुढे स्टुलावर बसला होता आणि लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला तो मऊ आवाज काढून म्हणत होता, "बस गं बाई, मी आहे ना." झुडपाखाली, जमिनीलगत, मुठीएवढी तपकिरी पक्षीण दोन अंड्यांवर बसली होती.

बायकोला बघून त्याने तिला झुडपाआड ओढलं आणि कानाशी कुजबुजला, "ही जात फक्त याच किनाऱ्यावर उरलीय. यंदा घरटं हे एकच. ती शर्ट ओळखते. दुसरं कोणी दिसलं की उठते, आणि कावळे टपलेलेच आहेत."

दुसरी एखादी असती तर हसून घरी आली असती. हिचा मात्र जळफळाट दुप्पट झाला. बाई असती तर झिंज्या उपटता आल्या असत्या, पाखराशी भांडायचं कसं? त्यात हा जेवताना सांगणार, "आज तिने मान वळवून बघितलं माझ्याकडे." बायको इतकी वर्षं बघत होती, त्याची कधी बातमी झाली नव्हती.

एका रात्री तिने कात्री घेतली आणि त्या शर्टाचे मशीन पुसायचे तुकडे केले. खुंटीला स्वतः शिवलेला आकाशी शर्ट लावला, इस्त्रीसकट.

रखवालदाराने खूप शोधलं, शेवटी आकाशी घालून गेला. आणि थोड्याच वेळात धापा टाकत परत आला.

"ती उठली. एक अंडं गेलं. दुसऱ्यावर बसत नाही. माझा शर्ट कुठाय?"

शिंपिणीने तुकड्यांच्या डब्याकडे बघितलं. तो कावळे हाकायला तसाच उलटा पळाला. दोन शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

तिने मशीन असं हाणलं की शेजारीण बघायला आली. तुकड्याला तुकडा जोडून शर्ट उभा राहिला. पण प्रत्येक शिवणीत बोटभर कापड गेलेलं. कुंपणापाशी नवऱ्याने हात घातला तर खांद्याच्या पुढे जाईना. तो शर्ट आता एकाच अंगाला बसत होता.

शिंपीण तो घालून स्टुलावर जाऊन बसली. पक्षीण बराच वेळ फांदीवरून बघत राहिली. मग खाली उतरली आणि अंड्यावर बसली.

पुढे रोज शिंपीण हातात तुरपाई घेऊन तिथेच. रखवालदार लांब कुंपणाशी उभा.

"आज बघितलं का तिने?"

"बघितलं की. माझ्याकडे."

"माझी काही आठवण?"

"छे. कोण तुम्ही?"

त्याचं तोंड एवढंसं झालं, आणि तिला रात्री फार छान झोप लागली.

त्याच दिवसांत नणंद भावासाठी पाव घेऊन कुंपणापर्यंत आली, लांबून जे दिसायचं ते दिसलं, आणि संध्याकाळी शिंपिणीच्या घरी गेली.

"वहिनी, रागावू नकोस, पण झुडपांत एकजण आहे."

"दिसायला कशी आहे, वन्सं?"

"बरी आहे. तुझ्यापेक्षा बारीक."

शिंपिणीने तिला त्या दिवशी शिलाई माफ केली आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

झुडपांतली बाई रखवालदाराची बायकोच होती. पिल्लू उडून गेलं. शर्ट अजून तिच्याकडे आहे.