खालनं वर
२०१९ साल, मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा दुसरीतच सुटली, पण मागावर जन्म गेला. चादरीच्या नक्षीचा चौकटीचौकटींचा कागद मी घडाघडा वाचायचो. त्याच ऐटीत नातीचं चित्रकथेचं पुस्तक उघडलं. पानावर आधी म्हातारा मेलेला, मग तो उठून बसला, मग नवरदेव झाला, शेवटी पाळण्यात! “छापणारा येडा हाय,” मी म्हणालो. नात खो-खो हसली. “आबा, तुमी खालनं वर वाचताय की!” मागावर नक्षी खालनंच वर चढते, मला दुसरी रीत कुठली ठाऊक? “माझंच बरोबर हाय,” म्हणून पुस्तक मिटलं, पण वरनं कसं दिसत असेल, हे डोक्यातनं जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेला गेल्यावर मी गुपचूप वरनं खाली वाचलं. म्हातारा मेला. मग पुन्हा खालनं वर वाचून त्याला उठवला.