तराजूखालची चिंच

काल चिंच फोडायला बसले आणि त्या आंबट वासाबरोबर चाळीस वर्षांपूर्वीच्या करडी गावच्या आठवडी बाजारात जाऊन पोचले. मी तिथल्या शाळेत नवी शिक्षिका होते. नववीच्या मुलींना शिकवलं होतं, माल घेण्याआधी रिकामा तराजू पाहणं हा आपला हक्क आहे आणि जबाबदारीही. मग पाहायला त्यांना बाजारातच नेलं.

पहिल्याच दुकानातला रिकामा तराजू मालाच्या बाजूला झुकलेला होता. मुलींमधली शकुन पुढे झाली. दुकान तिच्या वडिलांचं होतं.

"बाबा, पारडं उलटं करून दाखवा."

"काहून वो?"

"घेणाऱ्याले पाहू द्या ना."

पारड्याच्या बुडाला चिंचेचा गोळा चिकटवलेला होता. कोणाकडेही न पाहता त्यांनी तो नखानं खरवडून काढला. उद्यापासून ही पोरगी शाळेत दिसणार नाही, या भीतीनं मला रात्रभर झोप आली नाही.

ती आली, आणि रोज येत राहिली. पुढच्या बाजारी सगळ्यांत जास्त गर्दी त्याच दुकानापुढे होती. पिशवी घेऊन मीही उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा तिच्या वडिलांनी रिकामा तराजू माझ्या डोळ्यांसमोर उचलून धरला.

"पहिले पाहून घ्या बाई, मंग तोलतो."