जास्त कमावेल त्याचा चहा

तीन भूलतज्ज्ञ एका टेबलावर बसले की किस्से साठणारच. आमचे पेशंट झोपलेले. मग आठवडाभराचं बोलणं इथेच निघतं!

मी, शिरीष आणि वंदना एकाच बॅचचे. डिग्री तीच, सुई तीच, पेशंटच्या पाठीतली जागाही तीच. कमाई मात्र तीन तऱ्हेची. शिरीष मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात, वंदना सरकारीत आणि मी बॅग घेऊन नर्सिंग होम पालथी घालणारा. रविवारी सकाळी मलकपेठच्या इराणी हॉटेलात भेटतो. नियम एकच: त्या महिन्यात जो सगळ्यात जास्त कमावेल, बिल त्याचं. पगार कमी करून सांगायची चढाओढ लागते, असं हे हैदराबादेतलं एकमेव टेबल असावं!

*

दिलसुखनगरला एका पेशंटचा मुलगा माझी फी ऐकून भडकला. "सुलाने के इत्ते पैसे? हमारी अम्मी थपकके फुकट में सुलाते थे!"

सर्जन हात धुता धुता म्हणाला, "तो अम्मीकूच बुला लो ना, मेरा भी खर्चा बचता!"

मला आधी वाटलं, गंमत करतोय!

*

एका रविवारी शिरीष घामाघूम होऊन चालत आला. "हप्ते, टॅक्स... हातात काही उरत नाही रे!" आम्हाला दया आली. तेवढ्यात वेटर आला. "साब, पीछे की गल्ली में वो नई गाडी तुम्हारीच है ना? सब्जीवाला अटक गया!"

त्या दिवशी आम्ही खिमाही मागवला.

*

वंदनावर बिल द्यायची पाळी कधीच आली नाही. एकदा तिने आपणहून पर्स उघडली, तर शिरीष म्हणाला, "राहू दे गं, तुझ्या पगारात कुठे!"

ती हसली नाही. मला फार वाईट वाटलं, पण बिल मीच शिरीषकडे सरकवलं.

*

मग शिरीषच्याच पित्ताशयात खडे निघाले. त्याच्या हॉस्पिटलात भूल द्यायला गलेलठ्ठ पगाराचे डझनभर सहकारी. पण हा टेबलावर आडवा होईना! "वंदनाला बोलवा. मला भूल तीच देईल."

वंदना रजा टाकून आली. डॉक्टर डॉक्टरकडून फी घेत नाही; तिनेही घेतली नाही.

तो बरा झाल्यावरच्या पहिल्या रविवारी बिल आलं. शिरीषने सवयीने पाकीट काढलं. वंदनाने बिल आपल्याकडे ओढलं.

"नियम म्हणजे नियम. या महिन्यात सगळ्यात जास्त मी कमावलंय."

शिरीषने पाकीट खिशात ठेवलं आणि वेटरला हाक मारली, "भाई, और एक प्लेट उस्मानिया बिस्कुट!"