पाहणीत काही आढळले नाही

वळसंगच्या पुढे एका शेताच्या बांधावर मला एक दगड दिसला आणि मी गुडघ्यांवर बसलो. या वयात मी गुडघ्यांवर बसतो तेव्हा गोष्ट महत्त्वाची असणार, एवढं बघणाऱ्यांनी समजून घ्यावं अशी माझी अपेक्षा असते. दगडात मधोमध गोल, गुळगुळीत खळगा होता. मी शेजारी काळी-पांढरी मोजपट्टी ठेवली, चारी बाजूंनी फोटो काढले आणि मागे उभ्या असलेल्या कंपनीच्या तरुण इंजिनिअरला सांगितलं, "कमीत कमी आठशे वर्षं."

शेताची मालकीण, सत्तरीच्या पुढची आजी, गवताचा भारा खाली टाकून आमच्याकडे बघत होती.

"आवो सायेब, ती आमची उखळी हाय की! सुनंनं मिक्सर आनला, तवा मीच टाकली हितं. पर जुनी म्हंताय ते खरं हाय. माज्या लग्नातली हाय ती."

इंजिनिअर हसला. हसू आवरायला तो गाडीकडे गेला, तिथं त्यानं ड्रायव्हरला सांगितलं, मग ड्रायव्हर हसला. मी मोजपट्टी झटकून पिशवीत टाकली आणि जणू उखळी मोजायलाच आलो होतो अशा चेहऱ्यानं वहीत काहीतरी लिहिलं.

मी पुरातत्त्व सल्लागार आहे. म्हणजे रस्ता, कालवा, पाइपलाइन जिथून जायची तिथून आधी पायी जायचं आणि जुन्या वस्तीच्या खुणा आहेत का ते लिहून द्यायचं. खुणा असल्या तर पुरातत्त्व खात्याला कळवायचं, मग रस्ता थोडा सरकवायचा, नाहीतर आधी खोदून सगळी नोंद करायची. ऐकायला बरं वाटतं. गोम एवढीच की मला नेमते ती रस्ता बांधणारी कंपनी, आणि तिला रस्ता सरकवायचा नसतो. आमच्या मुलीनं चौथीत निबंध लिहिला होता, "माझे बाबा जमिनीत काही नाही हे शोधतात." बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली होती. मला तेव्हा वाटलं, मुलीचं मराठी कच्चं आहे.

तर ती आजी. भारा तिथंच सोडून ती माझ्याजवळ आली.

"जुनं बगायचं हाय व्हय तुमाला? मग त्या जवारीत चला. तितं पांढर हाय."

पांढर म्हणजे जुनं गाव जिथं बसलं, उठलं, पुन्हा बसलं ती जागा. पिढ्यान्‌पिढ्यांची राख आणि पडलेल्या भिंती मिसळून तिथली माती पांढुरकी होते आणि टेकाडासारखी फुगते. ती माती धाब्याच्या घरांवर अंथरायला फार चांगली, म्हणून आमच्याकडची कितीतरी टेकाडं लोकांनी बैलगाड्यांनी वाहून संपवली. आजीच्या सासऱ्यानं मात्र आपल्या शेतातली पांढर हलू दिली नव्हती. "गाव हाय ते," म्हणायचा म्हणे, "उठलं म्हनून काय झालं."

"नांगराला अजून खापरं लागत्यात, बांगड्याचं तुकडं लागत्यात," आजी म्हणाली. "आन रस्ता नेमका तिच्यावरनंच चाललाय. तुमी लिवलं तर त्यो खालनं गायरानातनं जाईल म्हंत्यात. तेवडं लिवा की सायेब."

म्हणजे पांढर वाचली की हिचं शेतही वाचणार. तिचा स्वार्थ मला ताबडतोब दिसला. दुसऱ्याचा स्वार्थ ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

ज्वारी माझ्या डोक्याच्या वर गेली होती. मी आत शिरलो. पाच-सात पावलांत पानांनी गाल कापले, चष्मा धुळीनं भरला आणि स्वतःचे बूटसुद्धा दिसेनात. पण बुटांखाली करकर वाजलं. दगड वाजतात तसं नाही. खापराचा आवाज वेगळा असतो. तीस वर्षं हेच केल्यावर तो पायालाही कळतो. खाली वाकून दोन ताटं बाजूला केली असती की हातात आलं असतं.

मी वाकलो नाही.

का, याची मी नंतर पुष्कळ उत्तरं तयार केली. नुकतं एकदा वाकून हसं झालं होतं, हे त्यातलं सर्वांत प्रामाणिक. दुसरं असं की बांधावरून इंजिनिअरनं हाक मारली, "सर, या लवकर, हुरडा गार होतोय!" आजीच्याच मुलानं आगटी पेटवली होती. मी बाहेर आलो आणि शेंगाचटणीबरोबर पोटभर हुरडा खाल्ला. आजी प्रत्येक मूठ चोळून देताना विचारत होती, "दिसलं का काय?" मी म्हणालो, "बघू."

आता आमच्या धंद्यातला अगदी पहिला नियम सांगतो. मी कॉलेजात तासावर शिकवायचो तेव्हा पहिल्याच दिवशी तो फळ्यावर लिहायचो. पीक उभं असेल तर पाहणी झालीच नाही असं धरायचं. तसं अहवालात लिहायचं आणि काढणी झाली की परत जायचं. काढणीला महिना होता. कंपनीला अहवाल आठ दिवसांत हवा होता.

घरी बसून मी कच्चा मसुदा केला. त्यात लिहिलं, "पाहणीत काही आढळले नाही. तथापि पीक उभे असल्याने जमीन दिसली नाही. काढणीनंतर पुन्हा पाहणी करावी." माझं शुद्धलेखन बायको तपासते, ती शाळेत मराठी शिकवते. तिनं दोन वेलांट्या सुधारल्या आणि मी मसुदा पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरचा फोन आला. बोलायला फार गोड मुलगा.

"सर, खोटं काही लिहा असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त ते दुसरं वाक्य काढलं तर? पहिलं तर खरंच आहे ना? मोहोळकडचं कामही तुम्हालाच द्यायचं म्हणतायत साहेब."

मी दुसरं वाक्य काढलं. पहिलं खरंच होतं. मला काही आढळलं नव्हतं, कारण मी वाकलो नव्हतो. खोटं न बोलता खोटं वागायची सोय आमच्या धंद्यात केवढी आहे, ते मला त्या दिवशी नव्यानं कळलं. पक्की प्रत बघून बायको म्हणाली, "यात एक वाक्य कमी आहे." मी म्हणालो, "तांत्रिक बाब आहे." ती स्वयंपाकघरात गेली.

मे महिन्यात मेहुणीच्या मुलाच्या लग्नाला आम्ही दोघं अक्कलकोटकडे निघालो. वळसंग सोडलं आणि डाव्या हाताला ते दिसलं. यंत्रानं टेकाड उभं कापलं होतं, अगदी केक कापतात तसं. कापलेल्या भिंतीत राखेचा पट्टा, त्याच्यावर चोपलेली जमीन, पुन्हा राख, पुन्हा जमीन. एक अख्खा रांजण अर्धा बाहेर लोंबत होता. खाली टिपर पांढरी माती भरून घेत होते. मी गाडी थांबवली ती आपोआप. आम्ही दोघं उतरलो. असा उभा छेद मिळावा म्हणून आम्ही मोसमचे मोसम ब्रशनं माती झाडत बसतो.

आजी बाभळीखाली बसली होती. तिनं मला लगेच ओळखलं. शिव्या देईल म्हणून मी तयार होतो. खरं सांगायचं तर ते चाललं असतं.

"या सायेब," ती म्हणाली. "बगा, केवडं गाव हुतं. चुली बी निगाल्या. अर्दी पांढर ऱ्हायलीय अजून, ती सोमवारी उचलनार म्हंत्यात, भरावाला."

मी काहीतरी पुटपुटलो.

"आवो, तुमी कशाला मनाला लावून घेताय? जवारी उबी हुती की तवा. मानूस दिसत न्हवता आत, तितं जमीन काय दिसनार? तुमचा काय दोस हाय त्यात!"

मी खोडलेलं वाक्य ती म्हातारी माझ्या वतीनं मलाच सांगत होती. तिला लिहिता-वाचता येत नाही. मी म्हणालो, "हो ना आजी. ज्वारीच होती." तिनं बायकोच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. बायको माझ्याकडे न बघता पाणी प्यायली.

गाडीत बसल्यावर मी बोलायला लागलो. करारात काय अटी असतात, सल्लागाराला किती अधिकार असतो, मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणीतरी लिहूनच दिलं असतं, आणि तसं बघितलं तर उरलेल्या अर्ध्या टेकाडातही पुष्कळ असणार, ते माझ्या पायाला तेव्हाच कळलं होतं. दहा मिनिटं तरी मी बोललो असेन. ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "हे मला कशाला सांगताय? मी काय पुरातत्त्व खातं आहे?"