आमच्या वॉर्डाचे पाचपैकी पाच

परभणीतल्या एका दवाखान्यात मी बायकांच्या वॉर्डात नर्स आहे. मागच्या हिवाळ्यात नर्सिंग कॉलेजची एक विद्यार्थिनी आमच्याकडं आली. नर्स पेशंटजवळ उभी असते तेव्हा तिचं मनही तिथंच असतं की भलतीकडं, हे तिला मोजायचं होतं. ‘सिस्टर तुमचं बोलणं लक्ष देऊन ऐकतात का?’ असे प्रश्न ती पेशंटना विचारणार, आणि त्यांनी उत्तरादाखल एक ते पाच गुण द्यायचे. त्या सकाळी माझा आवाज इतका गोड झाला होता, की मलाच ओळखू येईना.

चारठाण्याची एक आजी पाय मोडून वॉर्डात पडली होती. ‘गुण’ हा शब्द कानावर पडताच तिनं परस्पर ठरवून टाकलं, की आज सिस्टरची परीक्षा आहे. पोरगी चहाला गेली तशी आजीनं खाटेवरूनच हुकूम सोडला, “आपल्या बाईच्या नोकरीचा सवाल हाय. समद्याजणी पाच म्हणा. कमी कुणी द्यायचं न्हाई.”

मग काय, प्रश्न पुरा व्हायच्या आत “पाच!” तासाभरापूर्वी भरती झालेल्या बाईनं मला अजून पाहिलंही नव्हतं, तिनंही पाच दिले. तिच्या शेजारणीनं सहा देता येतात का विचारलं.

पोरगी रडकुंडीला आली. “सिस्टर, सगळ्यांचं एकसारखंच! याचं मी काय करू?”

मी तिला आजीचा हुकूम सांगून टाकला. ती आजीजवळ जाऊन बसली. ही परीक्षा नाही, कुणाचं नाव लागत नाही, कुणाची नोकरी जात नाही, असं तिनं समजावलं. मी शेजारच्या पडद्याआड सलाईन बदलत होते.

“मग खरं सांगू का?” आजी म्हणाली. “लय लक्ष देती. जरा डोळा लागला की आलीच, ‘आजी, बरं वाटतंय का?’ अगं, झोपले होते तवा बरंच वाटायलं होतं की! लेकाला फोन लावला की ही मधीच इचारती, त्यो ऊसतोडीवरून कधी येणार म्हणून. तुला काय करायचंय, माय?”

माझे कान तापले आणि हसूही आवरेना.

“आजी, जास्त लक्ष देतात याला माझ्याकडं आकडाच नाही,” पोरगी म्हणाली.

“मग चार लिव्ह. एक झोपंचा कापला.”

ते ऐकून बाकीच्यांनाही कंठ फुटला. सुई टोचण्यात मला दोनच मिळाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजीचे डोळे मिटलेले दिसले. मी पाय न वाजवता पुढं सरकले, तोच मागून आवाज आला, “काहून गं? आज इचारलं न्हाई?”

“आजी, तुम्ही झोपला होता ना?”

“सोंग केलं होतं. बघायले होते, थांबतीस का जातीस.”

मी स्टूल ओढलं. मग गावाकडच्या शेजारणीशी शेताच्या बांधावरून चाललेलं भांडण तिनं मला मुळापासून ऐकवलं. निम्म्यावर मला मोठी जांभई आली. ती मी दाबली, पण आजीच्या नजरेतून सुटली नाही.