आधी बस, मग बघ

"आधी बस. मग बघ."

आईवडिलांनंतर माझ्यावर ज्यांचे सर्वांत जास्त उपकार आहेत, त्या आमच्या विज्ञानाच्या बाईंचं हे वाक्य. ते म्हणताना त्या उजव्या हाताचा पंजा हवेत दोनदा खाली दाबत, उशी किती मऊ आहे ते बघावं तसा. गणित सुटत नसलं, कुणी धापा टाकत तक्रार घेऊन आलं, निकालाच्या दिवशी कुणाचे पाय लटपटायला लागले, की बाईंचा पंजा खाली यायचा. वडूजच्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी केली. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. आमच्याकडे नुसतं 'बाई' म्हटलं तरी कुणाबद्दल बोलणं चाललंय ते कळतं.

बाई मूळच्या सांगलीच्या. आमच्या कोरड्या तालुक्यात नेमणूक झाली तेव्हा घरच्यांना वाईट वाटलं होतं म्हणे. बाईंना मात्र इथलं आभाळ आवडलं. पाऊस कमी, ढग कमी, गावाबाहेर दिवेही कमी. त्यांनी पुण्यात एका शिबिराला जाऊन स्वतःच्या हातांनी काच घासून आरसा घडवला, त्याची दुर्बीण केली आणि शाळेला दिली. पाण्याच्या जाड पाइपसारखी नळी, खाली फिरतं लाकडी खोकं, आणि नळीच्या वरच्या टोकाला, एका बाजूला, डोळा लावायची काच. महिन्यातून एकदा संध्याकाळी मैदानावर दुर्बीण लागायची आणि सगळं गाव रांगेत उभं राहायचं.

तुम्ही अशा दुर्बिणीतून कधी पाहिलं असेल, तर तिची गंमत तुम्हाला ठाऊक असेल. नळी डोक्यावरच्या आभाळाकडे केली की डोळा लावायची काच वर जाते. डोंगराच्या कडेला काही बघायचं तर ती खाली येते. म्हणजे कधी टाचा उंचवायच्या, कधी कमरेत वाकायचं. असं अवघडून उभं राहिलं की श्वास लागतो, डोकं हलतं, आणि ग्रह पाण्यातल्या दिव्यासारखा थरथरतो. बाई म्हणत, डोळ्याला ओळख पटायला वेळ लागतो आणि उभा माणूस वेळ देत नाही. त्यांचा दुसरा नियम असा की नुसतं "दिसलं" म्हणायचं नाही. काय दिसलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. "पुस्तकातलं चित्र मला सांगू नका," असं त्या आधीच बजावत. "शनीचं कडं दरवर्षी थोडं थोडं कलतं. एखाद्या वर्षी तर त्याची नुसती रेघ होते. तेव्हा तुमची लबाडी पकडीन मी."

बसून बघता यावं म्हणून त्यांनी आधी स्टाफरूममधली खुर्ची आणली. ती एकाला उंच, दुसऱ्याला बुटकी. पोरांच्या बुडाखाली विटा सरकवून झाल्या. शेवटी बाईंनी ठरवलं की वर-खाली होणारी, नीट बसायची खुर्ची घ्यायचीच.

तेव्हा मी सांगलीत विश्रामबागला कॉलेजात शिकत होतो. तिथे मी कसा पोहोचलो तेही सांगितलं पाहिजे, कारण त्यातही खुर्चीच आहे. आमच्या घरात एकच खुर्ची होती, लोखंडी, पाहुण्यांची. घरातलं कुणी तिच्यावर बसत नसे. बारावीनंतर वडिलांनी मला पंपाच्या दुकानात कामाला लावायचं ठरवलं, तर बाई आल्या, त्या खुर्चीवर बसल्या आणि उठेचनात. चहा झाला, दुसरा चहा झाला. म्हशीची धार काढायची वेळ झाली. बाई शांतपणे छपराकडे बघत बसलेल्या. शेवटी वडील आईला म्हणाले, "ह्या बाई काय उठायच्या न्हाईत. धाड त्याला शिकाय." बाई लगेच उठल्या. आमच्या सात पिढ्यांत पदवी घेतलेला मी पहिला, तो असा.

तर एका रविवारी बाई सांगलीला आल्या आणि निरोप धाडला, खुर्ची बघायला जायचंय. होस्टेलवर मित्रांनी विचारलं, चहापोह्यांचा कार्यक्रम आहे काय. फार चुकलं नव्हतं त्यांचं. बाईंनी त्या दिवशी एकेका खुर्चीला असे प्रश्न विचारले की कुठल्याही नवऱ्या मुलीला घाम फुटावा.

फर्निचरच्या दुकानात त्यांना चाकांची, दांडी ओढली की वर-खाली होणारी खुर्ची दाखवली. बाई तिच्या अगदी कडेवर बसल्या, मान पुढे काढली, एक डोळा मिटला आणि समोरच्या कपाटाकडे टक लावून बघत राहिल्या. दुकानदार घाबरला. म्हणाला, "मॅडम, मागं टेका की. टेकायसाठीच हाय ती."

"मला पुढं बघायचंय," बाई डोळा मिटूनच म्हणाल्या. मग उठून मला म्हणाल्या, "ही साहेबाची खुर्ची. आपल्या मुरुमात हिची चाकं रुततील. आणि अशी कितीशी वर जाते ती?"

मिरजेला दवाखान्याचं सामान विकणाऱ्या दुकानात आटे फिरवून उंच होणारं स्टूल होतं. बाईंनी मला त्यावर बसवलं आणि डोळे मिटून, एका हाताने उंची बदलायला सांगितली. कारण मैदानात अंधार असणार आणि दुसरा हात नळीवर. मी फिरवत राहिलो आणि स्टुलाबरोबर स्वतःच फिरत राहिलो. डोळे उघडले तेव्हा माझं तोंड भिंतीकडे होतं. दुकानातली माणसं हसली, बाईसुद्धा.

संध्याकाळी आम्ही रिक्षाने स्टेशनकडे निघालो होतो. एका दवाखान्याच्या भिंतीवर पेंटर अक्षरं रंगवत होता. घडवंचीसारखी दोन पायांची शिडी, तिच्या पायऱ्यांवर आडवी फळी टाकलेली, आणि तो फळीवर आरामात मांडी घालून बसलेला. वरची ओळ झाली की फळी खालच्या पायरीवर यायची. बाईंनी रिक्षा थांबवली. पेंटरला खाली उतरायची विनंती केली आणि पदर खोचून स्वतः वर चढल्या. तो बिचारा ब्रश हातात धरून मला विचारतो, "आवं, ह्यांना काय लिवायचंय?" मी म्हणालो, काही नाही, नुसतं बसायचंय. ह्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला अजून आठवते.

बाईंना हवं ते मिळालं होतं. वडूजला परत गेल्यावर त्यांनी शेतीची अवजारं जोडणाऱ्याकडून खुर्ची करून घेतली. दोन तिरके पाइप, त्यांच्यावर खालपासून वरपर्यंत खाचा, आणि खाचांत अडकणारा पाट. उचलला की सुटतो, बसलं की आपल्याच वजनाने घट्ट बसतो. पाट थोडा पुढे कललेला, त्यावर जुन्या सतरंजीची गादी. पाय टेकायला आडवी दांडी. तळाला पट्ट्या, म्हणजे मुरुमात रुतायला नको. पहिलीतलं पोर सगळ्यात वरच्या खाचेवर बसून चंद्र बघायचं आणि फौजेतून आलेला सहा फुटी गडी सगळ्यात खालच्या. दोघांची पाठ सरळ.

पुण्याहून एकदा हौशी मंडळी आमच्याकडचं काळं आभाळ बघायला आली. त्यांच्याकडे महागड्या घडीच्या खुर्च्या होत्या. बाईंच्या खुर्चीवर एकजण बसला तो बराच वेळ उठला नाही. उठल्यावर त्याने फोटो काढले, मापं घेतली आणि विचारलं, कुठल्या कंपनीची? बाई म्हणाल्या, "वडूज." त्या एका शब्दाने माझी छाती जेवढी फुगली तेवढी माझ्या पदवीनेही फुगली नसेल.

या खुर्चीवर सगळं गाव बसलं. एक माणूस सोडून. माझी आई.

आई आमच्याच शाळेत खिचडी शिजवते. बाईंच्या कार्यक्रमाला चहा तिचाच असायचा. तिचा नंबर आला की ती खुर्चीला वळसा घालून उभ्यानेच वाकायची. बाई म्हणायच्या, "बसा ओ." ती म्हणायची, "तुमी हुब्या आनि मी बसायचं व्हय? ते बी असं शिंव्हासनावर?" बाईंनी एकदा युक्ती केली. त्या स्वतः जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, आता तर बसाल. आई लगबगीने त्यांच्या शेजारी मुरुमात बसली, तेही जरा खालच्या बाजूला. दोघी खाली, खुर्ची मोकळी, आणि रांगेतली माणसं विचारतायत, काय हरवलं काय? पुढच्या वेळी बाई मुद्दाम लांब जाऊन उभ्या राहिल्या. आईने मान वळवून त्यांना शोधलं आणि म्हणाली, दिसत्यात की तिकडं, हुब्याच हायती.

तर आई वाकून बघायची आणि रांगेत ऐकलेलं सांगायची, "झाक दिसलं, बाई. कडं हाय." एकदा ती असं सांगून गेल्यावर बाईंनी काचेला डोळा लावला. पृथ्वी फिरते तसा शनी सरकत आईच्या आधीच काचेबाहेर गेला होता. दुर्बिणीत नुसता अंधार होता. बाई माझ्याकडे वळल्या. मला हळूच म्हणाल्या, "त्यांना काहीच दिसत नाही. मला बरं वाटावं म्हणून सांगतात." एवढी माणसं त्यांनी आभाळापर्यंत नेली, पण रोज जिच्या हातचा चहा पीत होत्या तिला नेता आलं नाही, हे त्यांना लागून राहिलं होतं.

बाई निवृत्त झाल्या. गुडघे थकले. भाची नागपूरला असते, तिच्याकडे राहायला गेल्या. जायच्या आधी त्यांनी मला बोलावलं. मी आता विश्रामबागलाच भौतिकशास्त्र शिकवतो, पण सुट्टीत वडूजला असतो. म्हणाल्या, "दुर्बीण शाळेची. खुर्ची तुझी. पण एक काम माझं राहिलंय. तुझ्या आईनं शनी बघितलेला नाही." मी म्हणालो, बघेल, बाई. त्यांचा पंजा हवेत दोनदा खाली आला.

त्यांना फोन केलेला आवडत नाही. फोनवर माणूस उभ्या उभ्या बोलतो, पत्र बसून लिहावं लागतं, असं त्यांचं मत. म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना पत्र लिहिलं. त्यात खासगी असं काही नाही, म्हणून ते इथे देतो.

आदरणीय बाई,

शिरसाष्टांग नमस्कार. खुर्ची ठीक आहे. गादी नवी केली, सतरंजी जुनीच ठेवली.

काल मैदानावर दुर्बीण लावली होती. शनी चांगला वर आला होता, पाट मधल्या खाचेत होता. आईचा नंबर आला. तिने सवयीने इकडे तिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "बाई न्हाईत न्हवं?" मी म्हणालो, नाहीत, नागपूरला आहेत. मग तिने पदराने पाट पुसला, दांडीवर पाय ठेवला आणि बसली. मी काहीच बोललो नाही, बाई. बोललो असतो तर उठली असती.

एक डोळा मिटून तिने दुसरा काचेला लावला. मी विचारलं, काय दिसतंय. म्हणाली, "कडं कुठं हाय रं? सुईवर मणी ठिवल्यागत दिसतंय."

यंदा कडं आपल्याकडे कडेनं वळलंय, तुम्हाला सांगायला नको. रांगेत तिच्या पुढे नुसती पोरं होती आणि ती सगळी पुस्तकातलं कडंच सांगून गेली होती. सुई कुणीच सांगितली नव्हती. ती तिची तिने पाहिली.

मागची पोरं कुरकुरायला लागली. तिने डोळा काढला नाही. म्हणाली, "थांबा रं. माजं व्हायचंय अजून."

मी शेजारी उभा होतो, तुम्ही राहायचा तसा.

आपला विद्यार्थी