पुसलेल्या राउटरनं मागितलेला पासवर्ड

भूतखेत, करणी, भानामती... ह्यातलं मी काय मानत न्हाय. आदीपासून न्हाय. आमच्या कॉलेजात जुन्या बिल्डिंगमधी एक खोली होती, पोरं म्हणायची तितं कायतरी हाय. मी त्याच खोलीत डबा खाऊन डुलकी काढायचो. मला तितं कुणी उठवलं न्हाय, प्रिन्सिपल सोडून.

तुमच्या ह्या सदरात लोकं लिहितात ते मी वाचतो. निम्म्या थापा वाटतात, खरं सांगतो. माझंबी तसंच वाटंल कुणाला. वाटू द्या. मी सातवी शिकलेला माणूस, फोनमधी बोलतो आन् फोनच लिहितो, त्यामुळं वाक्यं वाकडी असतील.

मी सोलापूरचा. होटगी रोडला आतल्या बाजूला आमचं दोन खोल्यांचं घर हाय. हितल्याच एका कॉलेजात मी शिपाई होतो, नाव सांगत न्हाय. शेवटची अठरा वर्षं कॉम्प्युटरच्या नेटवर्क लॅबमधी काढली. सगळे मला मामा म्हणायचे. काम झाडू मारायचं आन् पाणी भरायचं, पण एक काम असं होतं की ते सरांनाबी माझ्याइतकं जमायचं न्हाय... राउटर मोकळे करायचं.

राउटर म्हंजे तुमच्या घरात वायफायचा डबा असतो ना, त्याचा थोरला भाऊ. लोखंडी पेटी. त्याला निळी तार लावायची, दुसरं टोक कॉम्प्युटरला, आन् काळ्या पडद्यावर एकेक हुकूम टाईप करायचा. पोरं प्रॅक्टिकलला येणार, राउटरला पासवर्ड घालणार आन् विसरून घरी जाणार. दुसऱ्या बॅचला पेटी उघडंना. मग, "मामा, ओ मामा!"

त्याची एक रीत हाय. पेटी चालू झाल्याबरोबर ब्रेकचं बटण दाबायचं. मग ती अर्धवट जागी होती. तितं एक नंबर द्यायचा, एकवीस-बेचाळीस. हा नंबर दिला की पेटी उठताना आपल्या पोटात जे लिहून ठेवलंय ते वाचतच न्हाय. कोरी उठती. लिहिलेलं आत तसंच असतं, फक्त ती बघत न्हाय. मग 'राइट' मारायचं, म्हंजे हे कोरंच आत लिहून टाक असा हुकूम. पोरांचा पासवर्डबी गेला, सगळंच गेलं. मग नंबर परत एकवीस-शून्य-दोन करायचा, म्हंजे पुढच्या वेळंपासून पोटातलं वाचत जा. झालं. दिवसातनं तीन-चार पेट्या तरी अशा करायचो. डब्ल्यू, आर, एंटर. डोळं झाकून.

रिटायर झालो तवा भंगारातली एक पेटी मला दिली, एक जुना कॉम्प्युटरबी दिला. बायको, सुशीला तिचं नाव, दारातच म्हणाली, "लोकं रिटायर झाल्यावर घड्याळ आणतेत, शाल आणतेत. ह्यांनी खोकं आणलं बघा."

तिला किडनीचा आजार निघाला. आठवड्यातनं दोनदा दवाखान्यात हाताला सुया टोचून मशीनला लावायचे, रगत धुवायला. त्याच्या आदी ती कडक भाकरी करून घरनंच विकायची. ते बंद झालं. हात रिकामे, माणूस बसून काय करणार... एक दिवस माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "शिकवा की हे. नायतरी तुमी एकटेच बडबडता."

ती मॅट्रिक पास. इंग्रजी अक्षरं माझ्यापेक्षा तिला बरी यायची. पंधरा दिवसांत सगळे हुकूम तिला पाठ. पेटी कोरी उठली की हसायची, "तुमच्यासारखंच हाय हे. उठल्यावर घटकाभर आपण कोण तेच आठवत न्हाय."

राउटरला तारा लावायची भोकं असतात, पोर्ट म्हणतात. दरेक पोर्टला एक ओळ लिहायची सोय असती, ही तार कुटं जाती ते. आमच्या पेटीला दोन पोर्ट. तिनं इचारलं, "आपल्या तारा कुटं जातेत?"

"कुटंच न्हाय. मोकळीच हायत की भोकं."

"मग मी लिहिते कायतरी. तुमी चहा टाका जावा."

मी आत गेलो. एका बोटानं टक... टक... लिहीत होती. चहा घेऊन आलो तर पडद्यापुढं हात आडवा धरून बसली.

"आत्ता बघायचं न्हाय. पासवर्ड घातलाय. मी गेल्यावर बघा."

माझं डोकंच फिरलं. मी वराडलो तिच्यावर. "गेल्यावर म्हंजे? असलं अभद्र बोलायचं न्हाय ह्या घरात!" आन् पेटीचं बटण खटकन बंद केलं.

ती म्हणाली, "बंद करा. मी राइट मारलंय, काय जात न्हाय. अवो, पासवर्ड तर ऐका."

"मला नको तुझा पासवर्ड."

पुन्हा ती त्यावर बोलली न्हाय. मीबी इचारलं न्हाय. अठराव्या दिवशी गेली.

तेराव्याचं झालं, पाव्हणे गेले. पोरगी सुनीता पुण्याला असती, ती म्हणत होती चला, मी म्हटलं न्हाय. पोरगी पुण्याला परतली त्याच दुपारी मी पेटी चालू केली. आत शिरायला पासवर्ड मागितला. तिचं नाव टाकलं, माझं टाकलं, सुनीताचं टाकलं, नातवाचं टाकलं. उघडंना.

मग मी म्हटलं, आपल्याला काय अवघड हाय. अठरा वर्षं हेच केलं. ब्रेक दाबला. एकवीस-बेचाळीस. पेटी कोरी उठली. आता एकच करायचं होतं, आत जे लिहिलेलं हाय ते दाखव असा हुकूम द्यायचा. मला म्हाईत होतं. मनात तेच होतं. पण माझी बोटं...

डब्ल्यू, आर, एंटर.

पडद्यावर 'ओके' आलं.

दोन अक्षरं. मला कळलं तवा ओके येऊन गेलं होतं. मग बघितलं आत काय हाय ते. कोरं. माझ्या हातानं मी तिचं लिहिलेलं पुसलं. ती मेली तवा मी सगळ्यांच्या पुढं रडलो न्हाय. त्या दिवशी एकटाच टेबलावर डोकं आपटून घेतलं. सवयीनं नंबरबी परत एकवीस-शून्य-दोन केला आन् पेटी बंद केली.

चार दिवस तिकडं बघितलं न्हाय. पाचव्या दिवशी पेटी टॉवेलात गुंडाळली आन् रिक्षा करून कॉलेजात गेलो. लॅब आता शेख मॅडमकडं हाय. लई हुशार बाई. सुशीलाच्या हातची भाकरी त्यांनी लई खाल्लेली. दुपारचे अडीच वाजले असतील, लॅब मोकळी होती. मी सगळं सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "मामा... तुमीच राइट मारलं? तुमी तर पोरांना शिव्या द्यायचे की हो, आधी वाच मग मार म्हणून."

"व्हय. मीच."

"मग आता काय उरलं असंल..."

तरी त्यांनी तार लावली. पेटी उठली, पासवर्ड न्हाय काय न्हाय. आतलं बघितलं, कोरं. मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "गेलं मामा. खोटी आशा नाही देत मी." मी पेटी गुंडाळायला टॉवेल उचलला. मग माझ्याकडं बघून, बहुतेक दया येऊन म्हणाल्या, "एकदा बंद करून चालू करते. होणार काही नाही. पण करते."

बंद केली. चालू केली. ओळी पळाल्या, थांबल्या. मॅडमनी आत शिरायचा हुकूम टाकला.

पासवर्ड मागितला.

त्या बघायल्या माझ्याकडं, मी बघतोय त्यांच्याकडं. मला इंग्रजी वाचाया येत न्हाय म्हटलं तरी चालंल, पण हा शब्द मी अठरा वर्षं बघितलाय. तो ओळखायला मला चष्मा लागत न्हाय. मॅडम उठल्या. निळी तार बोटानं धरून ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत बघत गेल्या, चुकून दुसऱ्या राउटरला तर लागली न्हाय. न्हाय. लॅबमधले बाकीचे सगळे बंद होते.

"या अल्ला," एवढंच म्हणाल्या.

"मॅडम, एकवीस-बेचाळीस," मी म्हणालो.

"मी करते. मामा, तुमी हात मागं घ्या."

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो, शाळेत शिक्षा केल्यागत. त्यांनी ब्रेक दाबला, नंबर दिला. पेटी कोरी उठली. मग त्यांनी आतलं दाखवायचा हुकूम दिला. पडदा भरला. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू हाय, उजव्यानं बारीक अक्षर दिसत न्हाय. दोन ओळी बाकीच्यांपेक्षा लांब हायत एवढं दिसलं. मॅडम वाचायल्या आन् वाचताना त्यांचं तोंड उतरत गेलं.

"वाचा की," मी म्हणालो.

"मामा... नंतर बघू का? पोरीला बोलवून घ्या आधी."

"वाचा."

त्यांनी वाचलं. लिहिलेलं इंग्रजी अक्षरांत, बोल मराठी.

पहिल्या पोर्टला लिहिलं होतं, *सुया नको होत्या. तुमी रडाल म्हणून जात होते.*

दुसऱ्या पोर्टला, *मंद्रूपला न्यायचं होतं एकदा. नेलं न्हाय.*

मंद्रूप तिचं माहेर. हितनं एसटीनं तासाभराची वाट. शेवटी शेवटी ती म्हणायची, एकदा घर बघून येऊ, वहिनीच्या हातचं जेवू. मी म्हणायचो, मशीनचा वार चुकला तर? बरी झालीस की जाऊ. बरी होणार न्हाय हे तिला म्हाईत होतं, डॉक्टरला म्हाईत होतं. मलाच ऐकायचं न्हवतं.

मॅडमनी हजेरीच्या कागदामागं दोन्ही ओळी मराठीत मोठ्या अक्षरात लिहून घेतल्या आन् कागद माझ्या खिशात घातला. मग पेटीचा नंबर नीट करून ती पुन्हा चालू केली. ह्या वेळी पासवर्ड मागितला न्हाय. आत बघितलं तर कोरं. लॅब बंद करायची वेळ झाली तवर त्या ती पेटी बंद-चालू, बंद-चालू करत होत्या. कोरं ते कोरंच. घरी आणल्यावर मीबी किती दिवस करून बघितलं. न्हाय.

सुनीताला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मॅडम चांगल्या आहेत. तुम्हाला दिसत नाही हे त्यांना माहितीय. तुम्हाला बरं वाटावं म्हणून त्यांनीच..."

मी म्हणालो, "बरं वाटावं म्हणून असलं कोण लिहील गं? ऐक तरी काय लिहिलंय." आन् कागदावरचं दोन्ही वाचून दाखवलं.

पोरगी रडायलाच लागली. "बाबा, सुयांचं आई मला बोलली होती. बाबांना सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला. मॅडमना हे कसं कळलं?"

म्हंजे पोरीला म्हाईत होतं. सगळ्यांनाच म्हाईत होतं. मी सोडून.

मॅडमना मी परत जाऊन तोंडावर इचारलं, "तुमी मनानं लिहिलं का? खरं सांगा, मी राग धरणार न्हाय." त्या म्हणाल्या, "मामा, मनानं लिहायचं असतं तर मी तुमाला दुखवलं असतं का?"

ते पटलं मला. आन् त्याचंच वाईट वाटतं.

मंद्रूपला मी जाऊन आलो. एकटाच. तिच्या वहिनीनं जेवाया वाढलं. मी जेवलो. पेटीचं काय सांगितलं न्हाय.

नेटवर्कचं काम करणारे कुणी हे वाचत असाल तर सांगा, राइट मारून पुसलेलं एकदाच परत येऊन पुन्हा जातं का. मी चार जाणत्यांना इचारलं. चौघंबी म्हणाले, असं होत न्हाय. मलाबी म्हाईत हाय होत न्हाय. आमच्या दोघांच्या डोळ्यादेखत झालं, एवढंच मी सांगू शकतो. कसं झालं, म्हाईत न्हाय.

आन् दुसरं एक मला कळत न्हाय. त्यासाठी जाणता माणूस कुटं शोधू... पुसलेलं जर परत यायचंच होतं, तर त्यात माझ्यासाठी एक बरा शब्द का नसावा? चाळीस वर्षं झाली होती आमाला. दोन पोर्ट होते. दोन्ही तिनं भरले.